नाकारलेले मूळ : दहावीच्या गणिताच्या सरावाची नोंद

या पावसाळ्यात दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना मी एक पथ्य पाळतो आहे. उदाहरण सुटले म्हणून लगेच पुढे जायचे नाही. त्यातील एखादी संख्या बदलायची आणि ते तितक्याच सरळपणे सुटते का, ते पाहायचे. राज्य मंडळाच्या बीजगणित आणि भूमिती या दोन्ही भागांच्या प्रश्नपत्रिका प्रत्येकी ४० गुणांच्या आणि दोन तासांच्या असतात. आपल्यासारख्या हौशी मंडळींना घड्याळाशी झुंजायचे नसल्यामुळे चार गुणांच्या एकाच प्रश्नापाशी हवे तितके रेंगाळता येते. बीजगणित आणि संभाव्यता मी लोकलमध्ये करतो. भूमिती मात्र घरीच, कारण दादरला गाडीत शिरलेल्या माणसाच्या हातात कंपास असणे सहप्रवाशांच्या हिताचे नाही.

सुरुवात गाडीच्या वेगाच्या परिचित साच्यापासून केली. ३६० किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा वेग ताशी ५ किलोमीटरने वाढवला तर १ तास वाचतो. मूळ वेग किती? मूळ वेग क्ष धरल्यास समीकरण क्ष(क्ष + ५) = १८०० असे येते, त्याची मुळे, म्हणजे क्ष च्या किमती, ४० आणि −४५ मिळतात आणि ‘वेग ऋण नसतो’ असे कारण लिहून आपण दुसरे मूळ सोडून देतो. आता ३६० च्या जागी कोणतेही अंतर अ घेतले, तर क्ष² + ५क्ष − ५अ = ० या समीकरणाचा विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमूळाच्या चिन्हाखाली येणारी राशी, २५ + २०अ होतो. अ पूर्णांक असताना उत्तरही पूर्णांकात यावे म्हणून हा विवेचक पूर्ण वर्ग व्हायचा असेल, तर तो ५ च्या एखाद्या विषम पटीचाच वर्ग असावा लागतो, आणि त्यावरून अ = ५न(न + १) व मूळ वेग ५न असे निघते. म्हणजे १०, ३०, ६०, १००, १५०, २१०, २८०, ३६० ही अंतरे चालतील, मधली कोणतीही चालणार नाहीत. मुंबई ते पुणे हे रेल्वेचे १९२ किलोमीटर अंतर घेऊन पाहिले, तर विवेचक ३८६५ येतो, जो ६२ आणि ६३ यांच्या वर्गांच्या मध्ये अडकतो. चर्चगेट ते विरार हे सुमारे ६० किलोमीटर अंतर मात्र चोख बसते. फक्त उत्तर ताशी १५ किलोमीटर येते, आणि त्या वेगाने ती गाडी रुळांवर पाणी भरल्यावरच धावेल.

या खटाटोपात लक्ष वेधले ते टाकून दिलेल्या मुळाने. −४५ मधले ऋण चिन्ह बाजूला ठेवले, तर ४५ हा गाडीचा वाढवलेला वेग आहे. हा योगायोग नव्हे. क्ष(क्ष + ५) या गुणाकारात क्ष च्या जागी −(क्ष + ५) लिहिले, तर दोन्ही अवयव फक्त चिन्हे बदलून जागांची अदलाबदल करतात आणि गुणाकार तसाच राहतो. म्हणून एक मूळ लहान राशी सांगते आणि दुसरे, उलट चिन्हाने, मोठी. आयताची लांबी रुंदीपेक्षा अमुक इतकी जास्त असल्याच्या उदाहरणांतही हेच घडते. उत्तरपत्रिकेत ते मूळ नाकारण्याचे कारण लिहिलेच पाहिजे, याविषयी वाद नाही. पण पडताळा घ्यायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

धन मूळ नाकारण्याची वेळही येते. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांच्या कळपाचे प्रसिद्ध उदाहरण आहे : कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक बाहेर दिसतो. मुळे ५० आणि ५ येतात, आणि आचार्य ५ स्वीकारत नाहीत, कारण ५ चा पाचवा हिस्सा १ आणि त्यातून ३ वजा केले की −२ उरतात. वर्ग केल्यावर हिशेब जुळतो, पण वानर उणे दोन कसे असतील? हेच उदाहरण ‘३ मधून पाचवा हिस्सा वजा करून’ अशा शब्दांत मांडले, तर मात्र ५ हेच उत्तर ठरते आणि ५० बाद होते.

संभाव्यतेच्या प्रकरणात दोन फाशांचा नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निकालांचा संच, इतका घोटला जातो की त्यातले ३६ घटक झोपेतही लिहिता येतील, म्हणून त्यालाच वर्गसमीकरणाला जुंपले. पहिल्या फाशावरचा अंक ब आणि दुसऱ्यावरचा क घेऊन क्ष² + बक्ष + क = ० हे समीकरण लिहायचे. मुळे वास्तव असण्याची संभाव्यता १९/३६ येते आणि समान असण्याची १/१८, कारण त्यासाठी (२, १) आणि (४, ४) या दोनच जोड्या आहेत. अवयव पद्धतीने सुटणारी समीकरणे मात्र ७ च निघतात. शेवटचे पद −क केले, तर विवेचक नेहमीच धन राहतो आणि छत्तीसही समीकरणांची मुळे वास्तव होतात, तरी अवयव पडणारी समीकरणे वाढण्याऐवजी ६ वर येतात. सूत्र न वापरता सुटणारे उदाहरण प्रश्नपत्रिकेत आले की ते किती निवडून घेतलेले असते, याचा अंदाज यावरून येतो.

खरी मेजवानी निघाली ती वर्तुळाच्या प्रकरणात. वर्तुळाबाहेरील प बिंदूतून काढलेली छेदिका वर्तुळाला प्रथम अ मध्ये आणि नंतर ब मध्ये छेदते व पट ही स्पर्शिका आहे, तर पअ × पब = पट². जीवा अब = ५ आणि पट = ६ दिले असेल, तर पअ साठी क्ष(क्ष + ५) = ३६ हेच आगगाडीचे समीकरण हजर होते. मुळे ४ आणि −९. नाकारलेले मूळ या वेळी पब ची लांबी सांगते. आता हे समीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा : (क्ष + २.५)² = ६² + २.५². जीवेचा मध्यबिंदू म घेतला, तर क्ष + २.५ म्हणजे पम. अ आणि ब मधून जाणाऱ्या कोणत्याही वर्तुळाला प पासून काढलेल्या स्पर्शिकेची लांबी तीच राहते, त्यामुळे अब हाच व्यास असलेले वर्तुळ घेण्यास हरकत नाही, मग २.५ ही त्रिज्या, ६ ही स्पर्शिका आणि ६.५ हा कर्ण असा काटकोन त्रिकोण समोर उभा राहतो. त्याच्या बाजू दुप्पट केल्या की ५, १२, १३ हे पायथागोरसचे त्रिकूट मिळते. वर्षानुवर्षे केवळ चिन्हांची कसरत म्हणून केलेली पूर्ण वर्ग पद्धती येथे चक्क पायथागोरसचे प्रमेय निघाली, आणि तेव्हापासून मी सूत्राऐवजी तीच पद्धत वापरतो.

जीवा ५ ठेवून स्पर्शिका बदलत गेलो, तर ६ खेरीज एकाही पूर्णांकाला पअ पूर्णांक येत नाही, कारण वरच्या पूर्ण वर्गाच्या समीकरणाची चौपट केली की (२क्ष + ५)² − (२ × स्पर्शिका)² = २५ असे येते, आणि २५ चे दोन भिन्न अवयवांत विभाजन १ × २५ असे एकाच प्रकारे होते. जीवा १५ घेतली की दालन उघडते : २२५ चे १ × २२५, ३ × ७५, ५ × ४५ आणि ९ × २५ असे चार गुणाकार होतात, आणि स्पर्शिका अनुक्रमे ५६, १८, १० आणि ४ येतात. या सर्व सम आहेत. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागल्यास बाकी नेहमी १ उरते, म्हणून त्याच्या दोन अवयवांची ८ ने भागल्यावरची बाकी सारखीच असते. त्यांतील फरक स्पर्शिकेच्या चौपट असल्यामुळे स्पर्शिकेला सम असण्यावाचून गत्यंतर नाही. सम जीवांचा तक्ता सध्या अर्धवट आहे. त्यात ६ या जीवेपाशी ४ ही स्पर्शिका, पअ = २ आणि पब = ८ एवढी नोंद झाली असून, ८ आणि त्यापुढच्या जीवांचे गुणाकार अजून तपासायचे आहेत.