मिसळीच्या वेळचे चार आकडे

एम.एस्सी.ला आमचं एक प्रॅक्टिकल असं होतं की त्या दिवशी जेवायला सुट्टीच नाही. सकाळी फ्लास्कमध्ये ई. कोलाय नावाचे जिवाणू सोडायचे, फ्लास्क ३७ अंशांच्या शेकरवर ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी थोडं द्रावण काढून कलरीमीटरवर गढूळपणा मोजायचा. जिवाणू वाढले की द्रावण गढुळतं, आकडा चढतो. त्यांच्या पानात दोन साखरा वाढलेल्या: ग्लुकोज जेमतेम आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, भरपूर.

साडेबाराला आकडा ०.३८ वर आला. माझी पार्टनर शाहूपुरीची. म्हणाली, "मी जातो मिसळ खायला. तू येतीस का बसतीस हितंच?" (कोल्हापूरच्या पोरी 'जातो', 'येतो' म्हणतात. पुण्याच्या मावशीला हे अजून पटलेलं नाही.) गेलो दोघी. कट दोनदा मागून घेतला, वर चहा झाला, आणि परत आलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. चार रीडिंगं बुडाली.

ती भरून काढणं अवघड नव्हतं. अडचण पुढे होती. पावणेदोनचं रीडिंग आलं ०.४०. सकाळच्या चालीने ते एव्हाना दुपटीच्याही वर असायला हवं होतं. पार्टनर म्हणाली, "मशीन मेलं." मग आम्ही मधले चार आकडे चढत्या भाजणीने लिहिले आणि रेघ जुळावी म्हणून नंतरच्या प्रत्येक आकड्यात सरसकट ०.५० मिळवले. आलेख असा सुरेख आला की बघत राहावं.

मॅडमनी जर्नल परत दिलं त्यावर लाल पेनने एकच ओळ होती: "जिवाणू थांबले कुठे?"

ते थांबणं हाच त्या प्रॅक्टिकलचा विषय होता. पहिल्या पानावर 'डायऑक्सी' असं शीर्षक आमच्याच अक्षरात होतं, पण त्याचा अर्थ आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी राखून ठेवला होता. ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवतात. लॅक्टोज शेजारी पडलेलं असतं, त्याला शिवत नाहीत. तांबडा-पांढरा असेपर्यंत वरणाकडे कोण बघतं? ग्लुकोज संपलं की वाढ थबकते, काही वेळ आकडा हलत नाही, आणि मग लॅक्टोजवर दुसरी चढण सुरू होते. आम्ही मिसळीवर तुटून पडलो होतो, नेमकं तेव्हा फ्लास्कमध्ये उपास चालला होता.

हा थांबा पॅरिसमध्ये झाक मोनो या तरुण जीवशास्त्रज्ञाला दिसला. त्याने मात्र आकडे बदलले नाहीत. १९४० च्या डिसेंबरात, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, तो आपला आलेख घेऊन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफ यांच्याकडे गेला. हे एन्झाइमच्या अनुकूलनाचं, म्हणजे समोर येईल त्या अन्नाप्रमाणे एन्झाइम बनवण्याचं, प्रकरण असेल, असं ल्वॉफ म्हणाले. मोनोला तो शब्दच नवा होता, हे त्याने पुढे स्वतःच नोबेलच्या व्याख्यानात सांगितलं. ते नोबेल १९६५ चं, ल्वॉफ आणि फ्रान्स्वा जाकोब यांच्याबरोबर वाटून घेतलेलं.

मला पुढची कित्येक वर्षं वेगळंच कोडं होतं. डोळे नाहीत, जीभ नाही, मग ग्लुकोज संपलं हे जिवाणूला कळतं कसं? पुस्तकातली बाणांची आकृती पाठ होती, कळलेली नव्हती. कळली ती गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. तिथे गवळी समोर म्हैस पिळून देतात आणि माणसं उभ्या उभ्या ग्लास रिचवतात. गिऱ्हाईक असेपर्यंत गवळ्याच्या हातात भरलेला ग्लास टिकत नाही. भरला की गेला. गर्दी ओसरली की ग्लास हातातच राहतो. गवळ्याला मान वर करून बघायचीही गरज नसते.

जिवाणूच्या दारातही असंच एक प्रथिन असतं. आत येणाऱ्या ग्लुकोजला एक फॉस्फेट चिकटवून द्यायचा असतो, तो या प्रथिनाच्या हातातून पुढे जातो. ग्लुकोज येत असेपर्यंत हात बहुतेक रिकामाच. आणि गंमत अशी की हा रिकामा हात लॅक्टोजच्या दाराला जाऊन कडी घालतो! ग्लुकोज आटलं की फॉस्फेट हातातच राहतो, कडी सुटते. तोच भरलेला हात मग चक्रीय एएमपी नावाचा निरोप्या जास्त बनवायला लावतो, आणि तो निरोप लॅक्टोज पचवायच्या जनुकांपर्यंत पोचतो. मोजदाद करणारा वेगळा कोणी नाही. दारावरच्या कामातूनच कळतं.

तरी जनुकांवर एक कुलूप असतंच. ते उघडायची किल्ली लॅक्टोजपासूनच बनते. पण आत येण्याचं दार आणि किल्ली बनवणारं एन्झाइम, दोन्ही त्या कुलपामागे. मग पहिलं लॅक्टोज आत येतं कसं? तर कुलूप थोडं ढिलं असतं. दोन्हींचे मोजके रेणू एरवीही तयार होत राहतात. त्यातून थोडं लॅक्टोज आत शिरतं, त्याची किल्ली होते, आणि मग कारखाना सुरू. तो उभा राहायला लागणारा वेळ म्हणजे आमच्या आलेखातून गायब झालेली सपाट रेघ.

एवढं शिकून मी घरी सासूबाईंना ऐकवलं, की जिवाणूंना लॅक्टोज नावडतं. त्या विरजण लावत होत्या. म्हणाल्या, "मग ह्यांचं काय?" बरोबर होतं त्यांचं. दह्या-योगर्टच्या विरजणात सापडणारा स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस नेमका उलटा. त्याला ग्लुकोजपेक्षा लॅक्टोजच मानवतं, आणि लॅक्टोज फोडून निघालेल्या दोन साखरांपैकी गॅलॅक्टोज तो बहुधा बाहेर टाकून देतो. दुधातच पिढ्या गेल्या त्याच्या. आवडीचा क्रम ज्याच्या त्याच्या घरचा असतो, हे मी ई. कोलायच्या नादात विसरले होते.

आता तेच प्रॅक्टिकल मी घेते. सकाळीच सांगून ठेवते, डबे आळीपाळीने खा, एकजण मशीनजवळ पाहिजे. गेल्या महिन्यात एकच्या सुमाराला एक मुलगी घाबरीघुबरी होऊन आली. "मॅडम, रीडिंग हलंनाच झालंय. परत घेतलं, तरी तेच."

"तेच लिही," म्हटलं.

तिने लिहिलं ०.३९. पंधरा मिनिटांनी पुन्हा ०.३९. मग माझ्याकडे संशयाने बघत तिसऱ्यांदा ०.३९.