मग बंदी का घालत नाहीत?

अमेरिकेत कुठे मोठा गोळीबार झाला की त्याच आठवड्यात कुडाळहून मामाचा फोन येतो. "गो बाय, तुमच्याकडे ह्या बंदुकांवर बंदी कित्याक घालनत नाय?" पुण्यातल्या मैत्रिणीही हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

मी इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहते. 4 जुलै 2022 ला आमच्यापासून तासाभरावरच्या हायलंड पार्कमध्ये स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक चालली होती. एका तरुणानं छपरावरून अर्धस्वयंचलित रायफल चालवली, म्हणजे जितक्या वेळा चाप दाबाल तितक्या वेळा लगेच गोळी सुटते ती. तीस गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा डबा, संपलं, मग त्यानं दुसरं लावलं, मग तिसरं. 80 हून जास्त गोळ्या सुटल्या आणि 7 माणसं गेली. आम्ही त्या सकाळी आमच्या गावातल्या मिरवणुकीसाठी मुलाच्या हातात झेंडा देऊन निघायच्या तयारीत होतो.

बंदूक मला अनोळखी नाही. माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. नळीत दारू घालायची, वर छर्रे, गजानं ठासायचं, केप लावायची आणि एक बार काढायचा. बार चुकला तर पुन्हा भरेपर्यंत डुक्कर डोंगरापार. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबा पावती देवघरातल्या डब्यात ठेवायचे. शेतकऱ्याला बंदूक लागते, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणूनच इथल्या शिकाऱ्यांचं म्हणणं मी मन लावून ऐकते. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात. ते म्हणतात, ज्या रायफलींवर बंदी आणताय त्यांची गोळी लहान आहे, शिकारीच्या कित्येक रायफली त्याहून जोरकस असतात. त्यांचं खरं आहे. पण ही लहान गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगानं सुटते, साध्या पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून जास्त. आणि चाप दाबला की पुढची तयारच असते, तीसपर्यंत. इथे बदकांची शिकार करताना बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं भरू द्यायची नाहीत, असा देशभराचा नियम आहे. पक्षी उरावेत म्हणून. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

तर मामाच्या प्रश्नाचं उत्तर. अशा रायफलींवर देशभराची बंदी एकदा होती. 1994 मध्ये कायदा झाला, पण दहा वर्षांची मुदत घालून, आणि 2004 मध्ये तो संपू दिला. तो असतानाही त्यात मोठं भोक होतं. काढता येणारं मॅगझिन आणि त्याबरोबर पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता अशा गोष्टींपैकी दोन असल्या तरच रायफल बंदीत जायची. कारखान्यांनी एखादी गोष्ट काढली आणि तीच बंदूक विकली. पुढे कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूकच्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली, तरी 2013 मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, नवी बंदी 40 विरुद्ध 60 मतांनी पडली. हायलंड पार्कनंतर त्याच महिन्यात प्रतिनिधीगृहानं, म्हणजे खालच्या सभागृहानं, 217 विरुद्ध 213 नं बंदी मंजूर केली. सिनेटमध्ये त्यावर मतदानच झालं नाही, कारण तिथे असं विधेयक पुढे न्यायला 60 जण लागतात.

मग राज्यं आपापलं करतात. इलिनॉयचं विधेयक डिसेंबर 2022 मध्ये मांडलं गेलं. मांडणारे आमदार बॉब मॉर्गन स्वतः त्या मिरवणुकीत होते. इथे विधेयकावर कुणालाही आपली बाजू नोंदवता येते, त्याला विटनेस स्लिप म्हणतात. मी तेव्हा नागरिक नव्हते, मत देता येत नव्हतं. पण स्लिप भरता येत होती. रात्री भांडी आवरून मी ती भरली. नाव, पत्ता आणि 'समर्थक' या शब्दापुढे खूण. या देशाच्या कारभारात माझी ती पहिली नोंद.

10 जानेवारी 2023 ला राज्यपाल प्रित्झकर यांनी सही केली. अशा रायफलींची विक्री बंद झाली, रायफलीचं मॅगझिन दहा गोळ्यांवर आलं. एकवीस वर्षांखालच्यांना बंदूक बाळगायचं ओळखपत्र देण्याबाबतची मूळ मसुद्यातली कडक अट मात्र मधल्या मध्ये गळाली, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. हायलंड पार्कच्या त्या मुलाला हे ओळखपत्र एकविशी गाठण्याआधी, वडिलांच्या सहीवर मिळालं होतं.

ज्यांच्या घरी अशा रायफली आधीच होत्या त्यांनी त्या ठेवायच्या, फक्त 1 जानेवारी 2024 पर्यंत नोंदवायच्या. अनेक शेरीफांनी, म्हणजे जिल्ह्यांच्या पोलीसप्रमुखांनी, आम्ही हा कायदा राबवणार नाही असं उघड सांगितलं. नेपरव्हिलनं राज्याच्या कायद्याआधीच गावापुरती विक्री थांबवायचा नियम मंजूर केला होता, त्यावरून खटला झाला. अपील न्यायालयानं 2023 मध्ये गावाची आणि राज्याची बाजू उचलली. 2024 च्या नोव्हेंबरात दक्षिण इलिनॉयच्या न्यायाधीशांनी राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवला, मग अपिलात त्या निकालाला स्थगिती मिळाली. इथे बंदूक बाळगणं हा घटनेतला हक्क आहे, आपल्याकडे ती परवान्याची बाब आहे. मामाला हा फरक सांगताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तो म्हणतो, "मगे उपयोग काय? घरात आसत त्यो आसतच." आहेतच. मी तरीही या कायद्याच्या बाजूनं आहे. मॅगझिन बदलायला काही क्षण लागतात. तीसऐवजी दहाचं असेल तर ते क्षण निदान तिप्पट वेळा येतात आणि तेवढ्यात कुणाचं तरी मूल खेचून भिंतीआड नेता येतं.

माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं, याच्या सरावात त्याच्या वर्गानं दिवे मालवून कोपऱ्यात गप्प बसायचं असतं. त्याला खोकला झाला होता, म्हणून सरावाच्या आदल्या रात्रीच त्यानं माझ्याकडून खडीसाखर मागून घेतली, खिशात ठेवायला.