डोक्यावर जेट घेतलेलं पॅकेट

विमानांची मॉडेल्स करणारे बहुतेक सगळे फायटरवाले, मिग झालं, मिराज झालं, की परत मिग. मालवाहू विमानाच्या वाटेला कोणी जात नाही, आणि त्यात पॅकेट म्हणजे फेअरचाइल्ड सी-११९, दिसायला आधीच अवघडलेलं, मधे पेटीसारखं पोट आणि मागे शेपटीपर्यंत गेलेले दोन बूम, म्हणजे दोन लांब नळकांडी. पण मला ते जाम आवडतं, आणि त्यातही आपल्या एअरफोर्सचं. १९५४ पासून आपल्याकडे होतं, आणि २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी ते लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरवलं, १६,००० फुटांच्याही वर! एवढ्या उंचीवर हवा विरळ, पिस्टन इंजिनांचा दम जातो, म्हणून नंतर आपल्या पॅकेटांच्या पाठीवर मधोमध एक जेट इंजिन बसवलं. एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं ऑरफियस. तो पॉड, म्हणजे इंजिनाचं कवच, माझ्या किटमध्ये नाही, तो घरीच करायचा, आणि खरं सांगायचं तर मजा तिथेच आहे. जाड बॉलपेनची नळी कापली, तोंडाला एम-सीलने गोलाई दिली, घासली, खाली प्लॅस्टिक कार्डाचा पाय. झालं जेट.

बाकी दोन गोष्टी जपायच्या. एक म्हणजे वजन. पुढे नाकाखाली चाक असलेलं विमान, पण बूम आणि शेपटी मागे इतकी लांब की नाकात वजन नाही भरलं तर विमान मागे बसतं. मी कोळी लोक जाळ्याला लावतात ते शिसं वापरतो, ससून डॉकच्या बाजूला मिळतं, छोटंसं आणि भरपूर जड. पोट बंद करायच्या आधी सगळं नुसतं टेपने जोडून मागच्या चाकांच्या जागेखाली पेन्सिल आडवी धरायची, नाक खाली गेलं पाहिजे, आणि गेलं तरी अजून एक तुकडा टाकायचा कारण शेपटीकडे नंतर पुट्टी आणि रंगही चढणार असतो.

दुसरं म्हणजे बूम. दोन्ही पंखाला एकदम सरळ बसले नाहीत तर मधली आडवी शेपटी तिरकी होते आणि मग कितीही छान रंगवा, पहिली नजर तिथेच जाते. ग्राफ पेपरवर ठेवून, टेप मारून, समोरून एक डोळा मिटून बघत रात्रभर सुकू द्यायचं. घाई नको.

आता रंग. पत्र्याचा नुसता चंदेरी रंग म्हणजे एकही ओरखडा लपत नाही, म्हणून सांध्यांवर ८०० पासून २००० पर्यंत पॉलिश पेपर, तोही पाण्यात बुडवून. मग खाली चकचकीत काळा आणि त्यावर पातळ सिल्व्हर, दोन-तीन हात. पण हे मुंबईत पावसाळ्यात करायला जाल तर डोक्याला ताप. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि वर पांढरट धूर आल्यासारखं दिसतं. गणपती गेले की पाऊस गेला असं बिलकुल धरू नका, नवरात्रही भिजवून जाते, मी तर सिल्व्हर दिवाळीनंतरच काढतो. तोपर्यंत घासकाम आणि कॉकपिट. कंप्रेसर सुरू केला की खालच्या काकू विचारतात, मिक्सर दुरुस्त नाही का केलात अजून, त्यांना आता काय सांगणार.

पंखांची लांबी १/७२ ला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलला, ४६ सेंमी होते, त्यामुळे रंगवायला मोरीतला स्टूल पुरत नाही, डायनिंग टेबल लागतं आणि त्यासाठी घरात परमिशन लागते.

सध्या डेकलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांची वेळ आहे. सिल्व्हरवर आधी ग्लॉस क्लिअरचा हात दिल्याशिवाय डेकल सोडू नका, खाली हवा अडकून फिल्म चकाकते. आणि राउंडेलमध्ये, म्हणजे एअरफोर्सच्या गोल तिरंगी खुणेत, केशरी बाहेर, हिरवा आत. बरीच मॉडेल्स मी उलटी पाहिलीत, राग येतो.