भाड्याच्या अंगणातली झाडं सोबत नेताना

पुण्यातल्या त्या भाड्याच्या बैठ्या घरामागे नुसता राडारोडा पडला होता. घरमालक काकांना विचारून मी तिथे लाल माती टाकली, लॉन केलं, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि सोनचाफा लावला. "लावा की, घराला शोभा येईल," हा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मी जपून ठेवला होता. घर सोडतेय म्हटल्यावर मात्र ते म्हणाले, "जमिनीत लावलं ते घराचं. काही उपटलंत तर डिपॉझिटमधून कापून घेईन."

करार घेऊन मी वकीलबाईंकडे गेले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेकरूच्या बाजूचं आहे, त्या म्हणाल्या. आपण जमिनीत लावलेली झाडंसुद्धा ताबा असेपर्यंत काढून नेता येतात. जागा मिळाली तशी परत करायची. किल्ली दिली की तो हक्क संपला.

पण माझा करार होता लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा फक्त वापरायच्या परवानगीचा, आपल्याकडे बहुतेकांचा असतो तसा. तो भाडेपट्टा नाही, त्यामुळे हे कलम थेट लागत नाही. अशा परवानगीचे नियम ज्यात आहेत त्या ईझमेंट अ‍ॅक्टच्या कलम ६३ नुसार, परवानगी रद्द झाल्यावर, परवानगीने ठेवलेलं सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो. कुंड्या त्यात सहज बसतात, जमिनीत रुजलेल्या मोगऱ्यावरून मात्र वाद घालता येतो. तीच माती, तीच मेहनत, आणि कराराच्या नावावरून हक्क बदलतो, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

वकीलबाईंनी भांडण्यापेक्षा लिहून घ्यायला सांगितलं. जुने फोटो आणि तो मेसेज घेऊन मी काकांसमोर बसले. लॉन, माती आणि सोनचाफा त्यांच्याकडे राहील; मोगरा, जास्वंद, कढीपत्ता मी नेईन, खड्डे बुजवून देईन, डिपॉझिट पूर्ण मिळेल. सोनचाफ्याचा हट्ट मी धरला नाही, कारण शहरात वाढलेलं झाड हलवायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली आधी परवानगी लागते. खाली दोघांच्या सह्या झाल्या.

मोगरा काढायचं काम सर्वांत नाजूक. आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं, फांद्या निम्म्या छाटल्या, बुंध्यापासून हातभर लांब गोल चर खणला आणि मुळं मातीसकट ओल्या गोणपाटात बांधली. कढीपत्त्याचं सोटमूळ खोल गेलेलं, तो काही जगला नाही. बाकी दोन्ही धरली. डिपॉझिट पूर्ण परत आलं.

नव्या घराच्या करारात नोंदणीआधीच एक ओळ घालून घेतली: लायसन्सीने (म्हणजे जागा वापरणाऱ्याने, इथे मी) लावलेली झाडं, मुदत संपण्याआधी खड्डे बुजवून, लायसन्सी नेऊ शकेल. नव्या मालकीणबाईंनी ती वाचली आणि लगेच हो म्हणाल्या.