ओरडणारी पाठ आणि गप्प पाय

एका संध्याकाळी जिना चढून वर आले आणि सहज पायांकडे नजर गेली, तेव्हा उजव्या पायात चप्पल नसल्याचे लक्षात आले. ती खाली दुसऱ्या पायरीवर पडली होती. म्हणजे पुढच्या दहा-अकरा पायऱ्या मी एका अनवाणी पायाने चढले होते आणि फरशीचा गारवा, पायरीची कड, चप्पल निसटल्याची जाणीव, यांपैकी काहीही माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते. त्या वेळी मी ६८ वर्षांची होते. पाठदुखी त्याआधी बारा वर्षे सोबत होतीच, त्यामुळे पायांना येणाऱ्या मुंग्या आणि रात्री तळव्यांची होणारी जळजळ यांचे खापर मी कित्येक महिने पाठीवरच फोडत राहिले होते.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सेकंदाला १२८ कंपने देणारा नादकाटा माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि थरथर थांबली की सांगा, असे म्हटले. ती सुरू झाल्याचेच मला कळले नव्हते. गुडघ्यावर ठेवल्यावर मात्र तीच थरथर स्पष्ट जाणवली. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब असतात, म्हणून न्यूरोपॅथीची, म्हणजे मज्जातंतूंना झालेल्या इजेची, झळ बहुधा त्यांच्याच टोकांना आधी लागते, हे त्यांनी समजावून सांगितले. माझ्या बाबतीत मधुमेह हे एक कारण होते आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे दुसरे निघाले. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध बरीच वर्षे घेतल्यास ब-१२ ची पातळी खालावू शकते. हे मला आधी ठाऊक असते तर ती तपासणी मी कितीतरी लवकर करून घेतली असती, आणि म्हणून ज्यांना हे औषध चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना याविषयी जरूर विचारावे, असे मला कळकळीने वाटते.

पाठ आणि पाय यांची दुखणी स्वभावाने अगदी उलट आहेत, ही गोष्ट समजायला मला पुढचे वर्षभर लागले. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या पाठदुखीत वेदना आणि प्रत्यक्ष इजा यांचा मेळ राहतोच असे नाही. मज्जासंस्था इतकी हळवी झालेली असते की साध्या वाकण्यालाही ती धोका समजून ओरडते. पाय याच्या उलट, खरोखर इजा झाली तरी गप्प राहतात. एकीचे ऐकून मी अंथरुणाला खिळले असते आणि दुसऱ्यांच्या गप्प राहण्यावर विसंबून पायाला जखम करून घेतली असती. किती चालायचे आणि कधी थांबायचे हे ठरवताना या दोघांपैकी कोणाचीच साक्ष धरता येत नाही, आणि माझे सगळे फिरणे व व्यायाम आता या एका समजुतीवर उभे आहेत.

पाठीच्या बाबतीत मी घड्याळाची साक्ष धरते. पूर्वी बरे वाटले की मी दुखेपर्यंत चालत असे, मग दोन दिवस पडून राहत असे, आणि तिसऱ्या दिवशी अंग आखडलेले असल्याने आणखी कमी चालणे होत असे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला वही ठेवायला लावली आणि अगदी वाईट दिवशीही मी किती मिनिटे चालू शकते ते लिहायला सांगितले. आकडा निघाला सहा. त्यांनी पाच मिनिटांपासून सुरुवात करून दिली, दिवसातून तीन वेळा, आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवायचे, पण चांगल्या दिवशीसुद्धा ठरल्यापेक्षा जास्त चालायचे नाही, अशी अट घातली. वाईट दिवशी उठून पाच मिनिटे चालणे जमले. चांगल्या दिवशी, पाय चालते असताना आणि हवा सुखाची असताना, पाचव्या मिनिटाला परत फिरणे मला फार जड गेले. पहिल्या महिन्यात मी ती अट दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा पुढचे तीन दिवस वहीत कोरे राहिले. ती कोरी पाने पाहिल्यावर मग मी हट्ट सोडला.

माझ्या कमरेच्या मणक्यांमधली मज्जारज्जूची पोकळी अरुंद झालेली आहे, त्यामुळे काही वेळ चालल्यावर मांड्या जड होतात आणि बसले किंवा पुढे झुकले की आराम पडतो, कारण झुकल्याने ती पोकळी थोडी मोकळी होते. म्हणून चालण्याच्या मधे ठरवून बसणे आणि घरात जागेवरची सायकल चालवणे मला मानवते. कमरेचा पट्टा मी कैक वर्षे बांधला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून अशा पट्ट्याची शिफारस केलेली नाही, व्यायाम आणि दुखण्याची नीट समज यांची मात्र केली आहे. पट्टा सुटल्याचे पुढे मला काही दुःख झाले नाही.

पायांच्या बाबतीत साक्षीदार दुसरे आहेत. शरीराचा तोल डोळे, आतला कान आणि पायांकडून येणारी जाणीव या तिघांवर असतो. तिसरा दुबळा झाला की डोळे मिटताच माणूस डुलू लागतो. रोम्बर्ग या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी यावरच आधारलेली आहे. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी पुढे कलत असे, याचा उलगडा मला तेव्हा झाला. आता तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेला असतो. भिंतीला एका बोटाचा नुसता हलका स्पर्श ठेवला, त्यावर भार टाकला नाही, तरी डुलणे बरेच कमी होते, हे मला शिकवले गेले तेव्हा खरे वाटले नव्हते. मग भिंतीशी उभी राहून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांपुढे ठेवून, मी स्वतः करून पाहिले. बोट काढले की घोटे थरथरू लागत आणि टेकवले की शांत होत. पायांकडून न मिळणारी बातमी मेंदू बोटाकडून घेत होता. आठवड्यातून तीन दिवस हा सराव आणि हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे मी करते. ६५ वर्षांपुढच्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर तोल आणि ताकद यांच्या व्यायामाचे तीन दिवस सुचवले आहेत. जुनाट दुखणे असलेल्यांनी झेपेल तेवढे करावे, काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही चांगले, असेही त्यात म्हटले आहे.

बधिर पायांनी चालल्यास जखमा होतील, या भीतीने अशा रुग्णांना पूर्वी चालण्यापासून परावृत्त केले जात असे. २०१० मध्ये अमेरिकेतील मधुमेह आणि क्रीडावैद्यक या क्षेत्रांतील संस्थांच्या संयुक्त निवेदनाने, उघडी जखम नसेल तर मध्यम चालायला हरकत नाही, असे स्पष्ट केले. मात्र जखम नाही हे रोज पाहावे लागते. माझ्या बुटात एकदा शर्टाचे बटण पडले होते आणि त्यावर मी सकाळचे सगळे चालणे पूर्ण केले होते. रात्री आरशात पाहिले तर तळव्यावर गोल लाल ठसा उमटलेला होता. त्या दिवसापासून बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहते, अंघोळीचे पाणी कोपराने पाहते, आणि शेकाची पिशवी कमरेला लावली तरी पायांपाशी कधी येऊ देत नाही.

जळजळीवर मिळणाऱ्या प्रीगॅबॅलिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी दिवा लावते आणि मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मग उठते.

ज्यांना ही दोन्ही दुखणी आहेत त्यांनी एका बाबतीत फार सावध राहावे, कारण बधिरपणाची आपल्याला सवय झालेली असते. न्यूरोपॅथीचा बधिरपणा बहुधा दोन्ही पावलांत सारखा असतो आणि सावकाश वर चढतो. मांड्यांच्या मधला, बसण्याच्या जागेचा भाग बधिर झाला, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला अथवा पायातली शक्ती एकाएकी गेली, तर ते नेहमीचेच असेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आज मी ७१ वर्षांची आहे. वहीतला आकडा सकाळी २२ मिनिटे आणि संध्याकाळी १५ आहे. पुढच्या आठवड्यापासून दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालून पाहायचे ठरले आहे. त्यांनी तळहातांना जमिनीची बातमी मिळत राहील, असे फिजिओथेरपिस्ट बाई म्हणतात. पहिले चार दिवस पुन्हा पाचच मिनिटे.