माझा अनुभव : एका रकान्यापायी गेलेले दोन महिने

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, ४६ माणसं. पगार-हजेरी मी बघते. दिवाळीनंतर सीएनसीवरची (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरची) दोन मुलं पाठोपाठ कोल्हापूरजवळच्या शिरोलीला गेली. "मॅडम, तिकडं दोन हजार जास्ती देत्यात," एवढंच सांगून गेली. साहेब म्हणाले, बाजारात कोणत्या कामाला काय पगार चाललाय ते एकदा नीट काढा.

पगाराचं सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेकडे पैसे भरले. आपण आपले आकडे द्यायचे, ते नावं काढून सगळ्या कारखान्यांचे एकत्र करतात आणि पदवार अहवाल देतात. हेल्पर, स्टोअर, अकाउंट्स, क्वालिटी हे सगळं एका दुपारी भरून झालं.

अडलं ते एका ओळीवर. आमच्याकडे एकजण आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. आयटीआय टर्नर, १४ वर्षं आमच्याकडे. मशीन चालवतात, सेटिंग करतात, प्रोग्रॅममध्ये लागेल तो बदलही करतात. फॉर्मवर मशीनच्या कामाला दोनच पदं होती, 'ऑपरेटर' म्हणजे लावून दिलेलं मशीन चालवणारा आणि 'सेटर' म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारा. ऑपरेटर लिहिलं तर आठ दिवसांनी फॉर्म परत : पगार या पदाच्या मर्यादेबाहेर आहे, तपासा. सेटर लिहिलं तर पुन्हा परत : या पदाला डिप्लोमा अपेक्षित आहे. तिसऱ्यांदा सगळं सविस्तर लिहून पाठवलं, तर १९ दिवस उत्तरच नाही. रोज सकाळी आल्यावर आधी मेल बघायचा. शेवटी फोन केला, तर पलीकडून, "मॅडम, यादीतलंच पद निवडा." अहो, पण निवडायचं कशावरून? मला त्या दिवशी फार राग आला. १४ वर्षांचा कारागीर यादीत बसत नाही, म्हणून त्याला हव्या त्या खान्यात कोंबायचा का?

मग मी हट्टाने प्रत्येक पदाचं कामाचं वर्णन मागवलं. ते त्यांच्याकडे तयार होतं! पहिल्या दिवशी का दिलं नाही, हे मला आजही कळत नाही. सोबत नियमही होता : वर्णनातलं ७० टक्के काम जुळलं तर पद जुळलं, नाव आणि शिक्षण नंतर. म्हणून सांगते, पैसे भरण्याआधी हे वर्णन मागून घ्या. माझे दोन महिने तिथंच गेले.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मामांच्या मशीनपाशी अख्खी पाळी उभी राहिले. नवा जॉब लागला होता. त्यांनी चकचे जॉ (पीस पकडणारे जबडे) बदलले, डायल लावून रनआउट म्हणजे फिरताना किती हलतं ते बघितलं, पहिला पीस काढून त्याचं भोक बोअर गेजने मोजलं. ०.०३ मिमी कमी आलं. ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) टाकला, पुन्हा कट घेतला, पुन्हा मोजलं. पीस पास झाल्यावर सायकल चालवायला शेजारच्या पोराला उभं केलं आणि स्वतः पुढच्या मशीनकडे गेले. पाळी संपेपर्यंत वहीत सेटरची कामं भरली होती, ऑपरेटरची मोजकीच. ते पान जोडलं आणि फॉर्म चौथ्या दिवशी मंजूर झाला. आम्ही मात्र मामांना इतकी वर्षं पगारपत्रकावर ऑपरेटरच लिहीत होतो, ही आमची चूक.

अहवालात सांगलीचा वेगळा आकडा नव्हता. म्हणून कुपवाड-मिरजेतल्या सहा कारखान्यांना मी स्वतः विचारलं. प्रत्येकाचा 'पगार' वेगळा निघाला. एकच माणूस घ्या, ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार १८,००० रुपये, पीएफ १५,००० च्या मर्यादेवर मोजलेला. त्याचा पीएफ १,८००, ईएसआय (कामगार विमा) १३५ आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात १५,८६५ येतात. मालकाला पीएफपोटी १३ टक्के म्हणजे १,९५० आणि ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ वरून भरावे लागतात, म्हणजे खर्च २०,५३५, तोही बोनस-ग्रॅच्युइटी न धरता. कामगार हातातला आकडा सांगतो, मालक खर्चाचा. कोणी ओटी (जादा वेळेचे पैसे) धरून सांगतो, कोणी एका दिवसाचा रोज गुणिले २६. सगळं आठ तासांच्या, ओटीविना, २६ दिवसांच्या ग्रॉसवर आणलं, तेव्हा कुठं तुलना झाली. शिरोलीचे 'दोन हजार जास्त' हे ओटीसकट होते. ओटी काढल्यावर फरक सातशेचा उरला. पण मामांच्या जोडीच्या सेटर लोकांत आम्ही खरंच मागे होतो, आणि ते साहेबांनी मान्य केलं.

हो, सरासरीवर जाऊ नका. सहा आकड्यांत एखादा मोठा कारखाना आला की सरासरी उगाच वर चढते. चढत्या क्रमाने लावून मधला बघा, सहा असतील तर मधल्या दोघांची सरासरी. आकडे कुठल्या महिन्याचे तेही विचारा, कारण किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो.

मामांचं पद एप्रिलपासून 'सेटर' झालं, पगारही त्याप्रमाणे. पहिली स्लिप त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ताई, घरी दाखवतो."

आणि एक राहिलं. ज्यांच्याकडून आकडे घ्याल त्यांना कामगारांची नावं विचारू नका, आणि तयार झालेला तक्ता कारखान्यांची नावं काढून त्यांनाही द्या. मी दिला होता. यंदा त्यांच्यातल्या दोघांनी आपणहून फोन केला.