यात्रेच्या दुसऱ्या दिवशी काटा काय सांगतो

डाएट चालू असताना एका रात्रीत वजन किलोभर वाढलं, तर ती चरबी नसते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. मध्यम बांध्याच्या माणसाला दिवसाला २,००० च्या आसपास लागतात. म्हणजे किलोभर चरबी चढायला नेहमीच्या जेवणाच्या वर आणखी जवळजवळ चार दिवसांचं जेवण एका दिवसात जायला हवं. तेवढं कुणाच्या पोटात मावत नाही.

मग काटा वर का जातो? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. गावची महालक्ष्मी यात्रा, बुधवारी मटणाचं जेवण. बुधवारी सकाळी वजन ७४.५, गुरुवारी सकाळी ७५.४. फरक ९०० ग्रॅम. समजा, त्या दिवशी गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त गेल्या. त्या सगळ्याची चरबी झाली तरी ती १३० ग्रॅमच भरते. रस्सा, लोणचं, पापड मिळून ३ ग्रॅम मीठ जास्त गेलं असेल, तर त्याच्यापायी शरीर साधारण ३३० मिली पाणी धरून ठेवतं, कारण रक्तातल्या आणि पेशींबाहेरच्या पाण्यात लिटरमागे ९ ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं आणि ते प्रमाण शरीर बिघडू देत नाही. भात, वडे आणि गोडातून आलेल्या पिठूळ भागातलं ७० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, होऊन साठलं, तर त्याच्यासोबत तिप्पट पाणी येतं. ते दोन्ही मिळून २८० ग्रॅम. उरलेले दीडएकशे ग्रॅम म्हणजे आतड्यात अजून असलेलं अन्न. हा हिशोब अंदाजाचा आहे, पण मापं याच घरातली असतात. मिठाचं पाणी दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातं, आतडं त्याच्या वेळेने मोकळं होतं.

म्हणून यात्रेनंतर उपाशी राहू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीचं जेवा आणि पाणी कमी करू नका. पाणी तोडल्याने फक्त काटा खाली दिसतो, चरबी तिथेच राहते. एक जेवण चुकवलं की संध्याकाळी भुकेपोटी जास्त खाल्लं जाऊ शकतं, आणि डाएट बिघडतं ते इथे. यात्रेच्या जेवणाने क्वचितच बिघडतं.

याचीच उलटी बाजू डाएटच्या पहिल्या आठवड्यात दिसते. भात, भाकरी, चपाती बंद केली की पाच-सहा दिवसांत दीड-दोन किलो उतरतात आणि माणूस हुरळून जातो. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात. त्यातलं ३०० ग्रॅम संपलं तर त्याचं ९०० ग्रॅम पाणीही जातं, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. आहार कमी झाल्यामुळे आतड्यातला भारही घटतो. खरी चरबी त्यात अर्धा किलोच्या आत-बाहेर असते. पुढे कधी दोन वेळा पोटभर भात खाल्ला की तो सव्वा किलो परत येतो आणि लोक म्हणतात, डाएट फुकट गेलं. फुकट काहीच गेलेलं नसतं.

एकादशीच्या उपासानंतर वजन कमी दिसतं त्याचं कारण बहुतेक वेळा रिकामं आतडं. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाही, म्हणून दोन दिवस पोट साफ झालं नाही तर तोच काटा वरही जातो. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी वाढवली तर सुरुवातीला वजन थोडं वाढू शकतं, कारण चोथा आतड्यात पाणी धरतो. ते चांगलंच आहे, घाबरून भाकरी सोडू नये.

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नव्याने पळायला सुरुवात केली किंवा जिममध्ये पहिल्यांदा पाय दुखेपर्यंत बैठका मारल्या, तर दुखऱ्या स्नायूंत पाणी साचतं. पुढचे दोन-चार दिवस काटा हलत नाही किंवा चढतो. अथणी-चिकोडीकडच्या उन्हात रानात दिवस गेला की घामाने लिटरभर पाणी सहज जातं. संध्याकाळचं ते कमी वजन मनावर घेऊ नका. बायकांच्या बाबतीत पाळी येण्याआधीचे काही दिवस अर्धा ते दोन किलो वाढणं नेहमीचं आहे. त्यांनी या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी करू नये. मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी केली तर खरं उत्तर मिळतं.

वजन घ्यायची पद्धत ठरलेली हवी. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याआधी, कमी कपड्यांत. काटा फरशीवर, रोज त्याच जागी. सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो, सारवलेल्या जमिनीवरही चुकतो. तिथे खाली शहाबादी लादीचा सपाट तुकडा ठेवावा. काट्यावर भरवसा नसेल तर आधी नुसतं उभं राहा, मग ५ लिटर पाण्याचा भरलेला कॅन हातात घेऊन. फरक ५ किलो अधिक कॅनचं वजन एवढा यायला हवा. काट्यावर चरबीचा टक्का दाखवणारा आकडाही अंगातल्या पाण्यावरच हलतो, रोज बघण्यात अर्थ नाही.

आता सरासरी. वरच्याच माणसाचा पहिला आठवडा, सोमवारपासून: ७४.२, ७३.८, ७४.५, ७५.४, ७४.९, ७४.३, ७४.०. सरासरी ७४.४. दुसरा आठवडा: ७३.९, ७३.६, ७४.१, ७३.७, ७४.६, ७४.२, ७३.८. सरासरी ७४.०. पहिल्या मंगळवारी ७३.८ आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा ७३.८ एवढेच दोन आकडे पाहिले, तर तेरा दिवसांत काहीच झालं नाही असं वाटेल. सरासरी मात्र जवळजवळ अर्धा किलोने उतरली आहे आणि तीच खरी.

काही वेळा मात्र सरासरीची वाट बघायची नाही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि पायांना सूज, दम लागणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं असं काही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर नक्कीच. डाएट न करता वजन उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर साखर तपासून घ्या. लघवीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड यांनीही वजन हलतं. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

सरासरी सलग तीन आठवडे जागची हलली नाही, तरच खाण्यात बदल करायचा. आधी तेल मोजा. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, सुमारे १२० कॅलरी असतात आणि फोडणीत तो अंदाजाने दोनदा पडतो. महिन्याचं तेल किती आणता त्याला घरातल्या माणसांनी आणि तीस दिवसांनी भागलं की प्रत्येकाच्या वाट्याचं कळतं. मग शेंगदाण्याची चटणी: ३० ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी. मग चहातली साखर, आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या कुंद्यातला येता-जाता तोंडात टाकलेला चमचा. यातलं एकच कमी करा आणि पुढचे दोन आठवडे सरासरी बघा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.